वैजनाथ चोर नव्हता

मी उदगीरच्या शिवकुमारांची पांढरी मोटार बोलतेय. गोड बोलणं आज जमणार नाही. माझं डोकं तापलेलं आहे.

नवी होते तेव्हा उभ्या जागी माझं इंजिन चालू आहे की बंद, हेही कळायचं नाही. मला चालवायचा वैजनाथ. नऊ वर्षं त्यानं मला जपलं. शिवकुमारांची डाळमिल. तिथली भुकटी माझ्या नाकातोंडात जायची, ती तो दर आठवड्याला झटकायचा.

पुढं मालकांनी सर्व्हिसिंगच बंद केलं. चालतेय ना, मग खोलायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. माणसाची ही खोडच. मी सिग्नलला उभी राहिले की थडथडायला लागायचे. आरशात मागची एक गाडी दोन दिसायची. मालक काय करायचे? गाण्यांचा आवाज वाढवायचे!

पेट्रोलही जास्त लागू लागलं. तेव्हा त्यांनी मिलच्या दारात, हमालांसमोर वैजनाथला विचारलं, पेट्रोल कुठं विकतोस म्हणून.

वैजनाथ शांतपणे म्हणाला, "मालक, पेट्रोल कुणी चोरत न्हाई. प्लग काळे पडलेत, हवेची नळी चिरलीय, इंजिनाखालचं रबर फाटलंय. एकदा खोलून बघा."

त्यांनी बॉनेट उघडलं नाही. किल्ली मात्र काढून घेतली. मला हॉर्नसुद्धा वाजवता आला नाही.

महिन्याभरानं मालक त्यांच्या आईला, उमाबाईंना, डोळे तपासायला लातूरला घेऊन निघाले. रेल्वे फाटकाशी थांबलो. मी नखशिखांत हादरत होते. फाटक उघडलं, आणि ऐन रुळांवर माझं इंजिन बंद पडलं. मागून टेम्पोनं धडक दिली. उमाबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. लोकांनी मला ढकलून रुळांपलीकडं नेलं. म्हातारीला तीन टाके पडले.

मला ओढून संघपालच्या गॅरेजात नेलं. त्यानं एकेक भाग काढून फरशीवर मांडला. प्लग कोळशासारखे, हवेच्या जाळीत बोटभर डाळीची भुकटी, नळीला चीर, इंजिन धरून ठेवणाऱ्या रबराचे दोन तुकडे. उभी गाडी हादरणार नाही तर काय होईल, असं म्हणून त्यानं विचारलं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं का?

मालक म्हणाले, "न्हाई."

बाकावर पट्टी बांधून बसलेल्या उमाबाई उठल्या. "खोटं बोलू नको शिवा. वैजनाथनं सांगितलं होतं, हमालांकडून सगळं कळलंय मला. तू त्याला चोर म्हणालास."

दुरुस्त झाल्यावर उमाबाईंनी मला थेट वैजनाथच्या दारी न्यायला लावलं. मालक स्टेअरिंग धरून आतच बसले. खाली उतरून हात जोडले ते उमाबाईंनी, आणि कामावर परत ये म्हणाल्या.

वैजनाथनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "अव्वा, तुमच्यासाठी कवाबी येईन. ह्या गाडीत मात्र न्हाई बसणार."

ते मला लागलं. पण त्याचंच बरोबर होतं.

आता मी गुपचूप चालते. मालक पाहुण्यांना सांगतात, बघा, कशी मस्त झालीय. ऐकून माझ्या रेडिएटरातलं पाणी उकळतं. बाबांनो, गाडी हादरली तर आधी बॉनेट उघडा. माझे सुटे भाग बाजारात मिळतात. वैजनाथ मिळत नाही.