पौंडाला पौंड

मी जीनी फ्लेट बोलतेय. बाई नव्हे, बोट. खरी जीनी फ्लेट म्हणजे डॉड आणि सँडी या भावांची आई. हेरिंग मासे चिरून चिरून तिच्या बोटांना कायम चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. पोरांनी कर्ज काढून बोट बांधली आणि तिला आईचं नाव दिलं. मला पाण्यात सोडलं त्या दिवशी म्हातारीने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा हिची कंबर बरी आहे."

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची मी. ओकच्या लाकडाच्या बरगड्या, वर लार्चच्या फळ्या. डॉड सुकाणूवर, सँडी जाळ्यावर. शेटलंड बेटांच्या पलीकडे जाऊन आम्ही मासे आणायचो. थंडीत माझ्या डेकवर बर्फ धरायचा आणि हे दोघे भाऊ तो कुऱ्हाडीने फोडताना एकमेकांना शिव्या घालायचे. त्या शिव्यांत किती माया असते, हे मी तेव्हा शिकले.

एका फेब्रुवारीत जाळं समुद्रात जात असताना दोराचा फास सँडीच्या पायात बसला आणि तो जाळ्याबरोबर पाण्यात ओढला गेला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. डॉडने मला त्याच पाण्यात गोल गोल फिरवलं, अंधार पडेपर्यंत. हाती काहीच लागलं नाही.

सँडीची बायको इना. तिला थडगं नव्हतं, फुलं ठेवायला दगड नव्हता. म्हणून ती माझ्याकडे यायची. सँडी शेवटचा जिथे उभा होता तिथे बसायची आणि विणता विणता त्याला घरचं, लेकीचं सांगायची. "शोनाने आज दात पाडून घेतला. रडली नाही हो. तुझ्यावर गेलीय."

पुढे मासे आटले. बोटी कमी करा म्हणून सरकारनेच पैसे देऊन त्या फोडायला लावल्या. माझ्या शेजारच्या बोटींच्या छाताडात यंत्राचा पंजा घुसताना मी पाहिला. डॉडने ते पैसे घेतले नाहीत. त्याने मला धक्क्यावर चढवलं आणि गावाला देऊन टाकलं. शाळेची पोरं मला बघायला येऊ लागली. देखभालीला पाच जणांचं मंडळ झालं. त्यात डॉड होता, इना होती.

पण पाण्याबाहेर बोट वाळते, तडकते, कुजते. माझी जमिनीकडची सगळी बाजू गेली होती. सुतार म्हणाला, फळ्या काढून नव्या घातल्याशिवाय इलाज नाही. खर्च मंडळाच्या आवाक्याबाहेरचा होता. कला आणि वारसा जपायला सरकारी निधी होता, पण त्याची अट होती: आधी एखाद्या धंदेवाल्याने पैसे द्यायचे, मग निधी तितकेच घालणार. पौंडाला पौंड.

धंदेवाला आमच्या गावात एकच होता, मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा मालक गॅविन रेनी. इनाची शोना त्याच्याकडेच मासे कापायला होती. तो तयार झाला. पैसे दोन हप्त्यांत देणार, बदल्यात माझ्या नाकाडावर कारखान्याची पाटी.

"बाईच्या कपाळावर जाहिरात!" डॉड कुरकुरला.

इना हसली. "सँडी जन्मभर डिझेलवाल्याने फुकट दिलेली टोपी घालून हिंडला. त्याला चालली, हिलाही चालेल."

पहिला हप्ता आला, त्याच्या जोडीला निधीचा आला. सुताराने माझी ती बाजू उघडली. माझ्या बरगड्यांना बांधल्यापासून पहिल्यांदाच ऊन लागलं. लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

त्याच हिवाळ्यात गॅविनने मासे कापणाऱ्या बायकांना घरी बसवलं. शोनालाही. शेवटचे पगार थकवले. आणि तरीही तो दुसरा हप्ता घेऊन माझ्या सावलीत भरलेल्या मंडळाच्या बैठकीला आला.

इना म्हणाली, "गॅविन, हे पैसे त्या बायकांना दे."

"तसं होत नाही हो. हे जाहिरातीच्या खात्यातले आहेत. पगाराचं खातं वेगळं."

"पोटाचं खातं एकच असतं रे."

गॅविन मान खाली घालून लांब जाऊन उभा राहिला. डॉड तिच्याजवळ सरकला. "इना, नीट ऐक. हे घेतले तर तितकेच सरकार देणार. नाही घेतले तर दोन्ही गेले. आणि बायकांना तरीही काही मिळणार नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"त्या रोज ह्याच रस्त्याने जातात, डॉड. तुमचा पगार इथे लाकडात ठोकलाय, असं सांगू त्यांना?"

"सँडीचं आपल्याकडे दुसरं काय उरलंय?"

"तू मला विचारतोस हे?"

हात वर करायची वेळ आली. दोन तिकडे, दोन इकडे. सगळे इनाकडे बघत राहिले. तिने माझ्या फळीवर तळवा टेकवला. मग म्हणाली, "नको."

डॉडचा चेहरा राखेसारखा झाला. "समुद्राने त्याला एकदा नेलं. दुसऱ्यांदा तू घालवलंस."

इनाने कोटाची बटणं लावली आणि निघून गेली.

वसंतात कारखाना बंद पडला. उरलंसुरलं बँकेने नेलं. बायकांना एक पेनीही मिळाली नाही. शोना ॲबर्डीनला हॉटेलच्या खोल्या साफ करायला गेली. म्हणजे डॉड म्हणाला तसंच झालं. पण म्हणून इना चुकली, असं मला म्हणता येत नाही. मला जगायचं होतं, हे मात्र खोटं कशाला सांगू? तिने 'नको' म्हटलं तेव्हा माझ्या बरगड्या कळवळल्या होत्या.

आता उघड्या बाजूने पाऊस थेट पोटात येतो. समुद्रपक्ष्यांनी आत घरटी केलीत. नगरपालिकेने मला धोकादायक ठरवून भोवती जाळीचं कुंपण घातलंय. सोमवारी तोडणारे येणार.

इना अजून येते. जाळीला बोटं अडकवून उभी राहते, बोलत नाही. डॉडही येतो, पण ती दिसली की बंदराच्या भिंतीआड थांबतो. ती गेल्यावरच पुढे येतो. सबंध गावात सँडीचा आवाज आठवणारी ही दोनच माणसं, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून म्हातारी होतायत.

मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. पण तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर भिंतीआडच्या त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवा. त्याला म्हणावं, इना अजून तिथेच उभी आहे, डॉड. जा, तिला हाक मार.