मनवेलपाड्यातल्या टाकीची हकिगत

मित्रांनो, मी एक जुनी सेप्टिक टाकी आहे. नाक दाबू नका, जरा ऐका. विरार पूर्वेला, मनवेलपाड्यातल्या एका इमारतीमागे मी जमिनीखाली राहते. १९९३ साली गवंड्यांनी मला विटा-सिमेंटने बांधले. बिऱ्हाडे आली, घराघरांतला मैला माझ्याकडे येऊ लागला. गाळ तळाशी बसे, वरचे पाणी शोषखड्ड्यात जाई. कुणाला माझी आठवणही होत नसे, आणि तीच माझी शाबासकी होती.

पण वर्षानुवर्षे कुणी माझे झाकणही उघडले नाही. शेवटी मी तुडुंब भरले आणि तळमजल्यावरच्या वसुंधराबाईंच्या संडासात घाण पाणी उलटे चढले. मला फार लाज वाटली.

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहासभाऊ यांनी सफाईसाठी धर्माला बोलावले. तो कमरेला दोर बांधून माझ्या काठावर बसला. दुसरे टोक त्याच्या बायकोच्या, कृष्णाबाईच्या हातात. माझ्या पोटात विषारी वायू कोंडला होता. हा उतरला तर जिवंत वर येणार नाही, हे मला ठाऊक होते. पण टाकीला ओरडता कुठे येते?

"थांबा!" वसुंधराबाई ओल्या हातांनीच धावत आल्या. "आत माणूस उतरवताय?"

"वहिनी, उपसायची गाडी आत येत नाही. कंपाउंडची भिंत आडवी येते," चंद्रहासभाऊ म्हणाले.

"मग भिंत पाडा!"

"बाई, सकालपासून माझा जीव थाऱ्यावर नाय," कृष्णाबाई पुटपुटली. दोर तिने घट्ट धरला होता.

चंद्रहासभाऊंची मान खाली गेली. त्यांनी स्वतःच पहार आणली. दुपारी पडक्या भिंतीतून गाडी आली. धर्माने वरूनच पाइप सोडला आणि माझे ओझे हळूहळू उतरले.

"हे आता ओतणार कुठे?" वसुंधराबाईंनी विचारले.

"खाडीत," गाडीवाला म्हणाला.

"खाडीत नको रे भाऊ, आमची शेती तिकडंच हाय!" कृष्णाबाई कळवळली.

गाडीवाल्याने डोके खाजवले. मग त्याला वसईजवळच्या गिरीज गावचा बागायतदार सॅन्टन आठवला. सॅन्टनने आपल्या वाडीत, विहिरीपासून लांब, असा गाळ सुकवायला विटांचे पक्के हौद बांधले होते. माझा गाळ तिथे गेला. वर्षभर उन्हात सुकल्यावर तो नारळांच्या मुळाशी पडला.

आता शेजारच्या इमारती मिळून गाडी बोलावतात. खर्च वाटला जातो, कुणालाच जड जात नाही.

मित्रांनो, मी दिसत नाही म्हणून मला विसरू नका. दर दोन-तीन वर्षांनी मला उपसा, पण यंत्राने. तुमची घाण मी खुशाल पोटात घेईन. माणूस मात्र माझ्या पोटात घालू नका.