तरन्नुम चेंडूखाली उभी राहते

पहिला चेंडू तरन्नुमच्या खांद्यावर पडला, दुसरा छातीवर आपटून पुढं उडाला आणि तिसऱ्यानं तिचा ओठ फोडला.

"लागलं का गं?" म्हणत अमरनाथ एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशा अवस्थेत धावत आला. चेंडू उंच मारायचा तर उजवी चप्पल काढावी लागे. नाहीतर चेंडूआधी चप्पलच आभाळात जाई आणि पोरी हसून लोळत.

तरन्नुमनं ओढणीच्या टोकानं ओठ पुसला. "काय न्हाई, दाजी. मारा अजून."

पण अमरनाथच्या बायकोनं, महेश्वरीनं, तिच्या आवाजातली निराशा ओळखली. अणदूरच्या शाळेमागच्या याच मैदानावर तिनं या पोरीला खो-खो शिकवला होता. लग्नाआधी ती स्वतः जिल्ह्याकडून खेळलेली. आता सकाळची भांडी आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्या मधल्या फटीत ती मैदानावर यायची. लिंबाखाली सासूबाई शांताक्का नातीला, शिवप्रियाला, मांडीवर घेऊन बसायच्या आणि बसल्या जागेवरनं सगळ्यांना बोलायच्या.

"चेंडू म्हनं ह्याला! चेंडू गोल तरी असावा का न्हाई? दोनी टोकं निमुळती आन मदी फुगलेलं. कुनी दाबून सोडलंय की काय ह्याला?"

हा खेळ गावात आणला ईरण्णा सरांनी. धाराशिवहून ते चेंडूंचं पोतं घेऊन आले आणि म्हणाले, "अमेरिकन फुटबॉल. मुलींचा जिल्हा संघ उभा करायचाय. ताई, तुमच्या खो-खोच्या पोरी द्या." धिप्पाड पोरींना जागा लगेच मिळाल्या. तरन्नुम काटकुळी. तिच्याजोगी एकच जागा होती, सगळ्यांच्या मागं. समोरचा संघ चेंडू लाथेनं उंच उडवतो; तो खाली येताना झेलायचा आणि घेऊन पुढं पळायचं. सोपं वाटतं. पण चेंडू आभाळात असतो तोवर समोरून अख्खी फौज तुमच्या अंगावर धावत येत असते.

पळण्यात तरन्नुमचा हात धरणारी तालुक्यात नव्हती. अडत होतं ते झेलण्यात. ईरण्णा सर मागच्या खेपेला तोंडावरच बोलून गेले होते, "येता रविवार सोडून पुढच्या रविवारी निवड. चेंडू सोडणारी पोरगी मागं चालत न्हाई. दुसरी तयार करा, न्हाईतर हिचं नाव कापावं लागंल."

"ताई," चेंडू गोळा करताना तरन्नुम हळूच म्हणाली, "तुमी दुसरी कुनी बघा. माझ्यानं न्हाई व्हनार."

"का न्हाई व्हनार?"

"चेंडू येतो ते कळतंय. पन पोरी आल्या की डोळे आपोआप खाली येत्यात."

महेश्वरीच्या ध्यानात आलं. येणारच की खाली! खो-खोत पळणाऱ्या पोरीनं पाठलाग करणारीवरून नजर काढली की ती बाद. "मागची कुठं हाय ते बघ, मागची बघ," असं ओरडून ओरडून तिनंच ती सवय या पोरीच्या हाडात मुरवली होती. आणि आता हा उलटा खेळ म्हणत होता, धावून येणारीकडं बघू नको.

"आधी ओठाला हळद लाव," एवढंच ती म्हणाली.

रविवारी शांताक्कांनी नातीला खंडोबाला न्यायचा हेका धरला. देवळात कुठलंसं बाहेरगावचं नवं जोडपं दर्शनाला आलं होतं. सोबतची माणसं पायरीवर उभी राहून "येळकोट येळकोट" म्हणत भंडारा आणि खोबरं उधळत होती. खाली ही दाटी! पिवळ्या धुरळ्यात हात नुसते वर.

त्या दाटीत महेश्वरीला तरन्नुम दिसली. आईनं, सकिनाबीनं, शिवलेली झबली देवळाजवळच्या दुकानात पोचवायला ती आली असणार, बगलेत पिशवी तशीच होती. पण अणदूरचं पोर, उधळलेलं खोबरं बघून पुढं जाईल होय? वरून एक मोठा तुकडा गरगरत आला. लाल फेट्याचा उंचापुरा माणूस त्यासाठी उडाला. तरन्नुम त्याच्या काखेखालून सरकली, मान वर ती वरच, आणि तुकडा दोन्ही हातांनी अलगद पोटाशी घेतला.

"तरे!" महेश्वरी कडेवरच्या पोरीसकट गर्दीत घुसली.

"ताई! घ्या, शिवप्रियाला." तिनं खोबरं पुढं केलं. शिवप्रियानं ते लगेच आपल्या बोळक्यात कोंबलं.

"ते राहू दे. तुझ्या शेजारी कोन हुतं आत्ता?"

"शेजारी?" तरन्नुमनं केसातला भंडारा झटकला. "मला काय ठाव?"

"एवढा लाल फेटेवाला! तुझ्या पायावर पाय दिला त्यानं."

तरन्नुमनं खाली बघितलं. पावलावर मातीचा हा मोठा ठसा. "अय्या, दिलाय की!"

महेश्वरी रस्ताभर एकटीच हसत होती. शांताक्का म्हणाल्या, "सुनंच्या अंगात आलं की काय खंडोबा?"

दुसऱ्या दिवशी तिनं चेंडूंचं पोतं उघडलंच नाही. पदराखालून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढल्या.

"माझ्या चटनीचं खोबरं!" लिंबाखालून आरोळी आली.

"परत देते, आत्याबाई, धुऊन देते." मग पोरींकडं वळून, "तरन्नुमभोवती दाटी करा. ढकला, कोपरं मारा, पायावर पाय द्या. देवळात करता तसं."

पोरींना एवढी मुभा पुरेशी होती. महेश्वरी वाटी वर फेकायची, खाली नुसता कल्लोळ, आणि वाटी तरन्नुमच्या पोटाशी. मग वाटीऐवजी चेंडू. मग चेंडू आणखी वर. रोज दाटीला थोडं थोडं मागं सरकवलं. देऊळ हळूहळू लांब नेऊन तिथं मैदान आणलं म्हणा ना.

हात कसे धरायचे ते महेश्वरीनं शिवप्रियाला उचलून दाखवलं. "लेकराला कुनी पंजे पसरून घेतं का? कोपरं मिटायची, ओंजळ करायची आन पोटाशी ओढायचं. चेंडू आपल्याकडं येतोय, आपन त्याच्यावर झडप घालायची न्हाई." शिवप्रिया खदखदून हसली. तिला वाटलं, हा सगळा खेळ तिच्यासाठीच चाललाय.

आणि वर काय बघायचं तेही शिकवलं. चेंडूचं नाक वरच राहिलं तर तो अलीकडं पडणार, दोन पावलं पुढं ये. नाक खाली वळलं तर तो लांब जाणार, आधीच मागं हो. अमरनाथ बिचारा दोन्ही तऱ्हेचे मारू बघायचा. जमायचं ते तिसऱ्याच तऱ्हेचं.

तरी एक अडचण उरलीच. पोरी लांबून धावत सुटल्या आणि पावलांचा धबधब आवाज आला, की तरन्नुमची मान खाली.

"ऐक," महेश्वरी म्हणाली. "चेंडू पायावरनं सुटला की समोर एकदाच बघायचं. एकदाच! लांब असल्या तर झेलून पळ. जवळ आल्या असल्या तर हात वर करून हलव. मग तुला कुनी शिवायचं न्हाई, हा कायदाच हाय. फकस्त मग तूबी पळायचं न्हाई."

"पळायचं न्हाई?" तरन्नुमचा चेहरा पडला. "मग मला कशाला उबी करताव? खो-खोचा खांबच रोवा की तितं."

"खांबाला झेलता येत असतं तर रोवलाच असता."

पोरी हसल्या. तरन्नुम हसली नाही. उरलेल्या दिवसांत तिनं एकदाही हात वर केला नाही.

निवडीच्या रविवारी धाराशिवच्या मैदानावर जिल्हाभरातल्या पोरी जमल्या. तरन्नुमनं हेल्मेट पहिल्यांदाच घातलं. "ताई, पिंजऱ्यातनं बघितल्यावानी वाटतंय," ती म्हणाली, आणि मागं जाऊन उभी राहिली.

पहिला चेंडू उडाला. सास्तूरच्या दोन दांडग्या पोरी सुसाट निघाल्या. तरन्नुमनं एकदा समोर बघितलं. वर बघितलं. आणि परत समोर बघितलं. चेंडू तिच्या बोटांना लागून जमिनीवर टप्पे खात गेला.

ईरण्णा सरांनी जिभेनं च्यक केलं. "ताई, म्या सांगितलं व्हतं."

"आनखी एक बघा, सर."

"पोरी लई हायेत रांगंत."

"एकच."

सरांनी हात हलवला. महेश्वरीला ओरडून सांगावंसं वाटलं, कोपरं मिट, नाक बघ, एकदाच बघ. पण सांगायचं ते सांगून झालं होतं. तिनं शिवप्रियाला घट्ट धरलं.

दुसरा चेंडू पहिल्यापेक्षा उंच गेला. तरन्नुमनं समोर एक नजर टाकली. मग मान वर झाली, आणि मानेमागोमाग उजवा हातही वर झाला, हलला आणि खाली आला. पोरी धबधब करत आल्या. ती एक पाऊल मागं सरली, थांबली. जिनं जन्मात कुणापुढं पाय थांबवले नव्हते, ती धावून येणाऱ्यांच्या पुढ्यात मान वर करून नुसती उभी राहिली. चेंडू कोपरांच्या मधून पोटाशी येऊन बसला. सास्तूरची एक पोरगी तिला न शिवता थांबायच्या नादात स्वतःच गडबडून पडली.

"पळ की गं!" कडेला बसलेल्यांतून कुणीतरी ओरडलं. ईरण्णा सर तरातरा आत गेले. महेश्वरी त्यांच्या मागं.

"डावीकडं सगळं रान मोकळं व्हतं. हात कशाला केला?"

तरन्नुमनं हेल्मेट वर ढकललं. कपाळावर घामाच्या धारा. "व्हतं का, सर? म्या बघितलंच न्हाई. म्या चेंडू बघत व्हते."

सरांनी आधी तिच्याकडं बघितलं. मग महेश्वरीकडं बघितलं. महेश्वरीला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते, म्हणून तिनं लेकीचं टोपडं नीट करायला घेतलं.

"पडलेली उठवा आदी," सर म्हणाले. "आन ह्या पोरीला पळायला किती येतं तेबी बघू द्या मला."

पुढचा चेंडू आखूड आला. नाक वरच होतं त्याचं. तरन्नुम दोन पावलं पुढं आलीच होती. झेलला, पोटाशी ओढला, आणि मग मात्र खो-खोची पोरगी जागी झाली. एकीला उजवी हूल, दुसरीला डावी. तिसरीनं कमरेला मिठी घातली तेव्हा ती धप्पदिशी पडली. पण चेंडू पोटाखालून निघेना. दोघींनी मिळून ओढला तरी निघेना.

"सोड गं, झालं आता!" सास्तूरची पोरगी हसत म्हणाली आणि तिनंच हात देऊन तरन्नुमला उभं केलं.

ईरण्णा सर शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला काहीतरी सांगत होते. महेश्वरीला एवढंच ऐकू आलं, "मागं हीच राहू द्या. झेलतीय. पळायचं कवा, ते आपन शिकवू."

"ते म्या शिकवते, सर," महेश्वरी म्हणाली. "राज्याच्या स्पर्धेला कितपत उंच मारत्यात, तेवढं सांगा."

"लई उंच, ताई."

"मग आमच्या ह्यांना दुसरी चप्पलबी काढाय लावते."

तिकडं तरन्नुम कुणी सांगायची वाट न बघता आपल्या जागेवर परत गेली होती. अंगाची माती झटकून तिनं हेल्मेट खाली ओढलं आणि मारणारीला हातानं खूण केली: मार.