मधल्या रेषेपलीकडे

आमच्या कॉलेजात हॉकीचा गोलकीपर कोणी होत नाही, करून टाकतात. पहिल्या वर्षी चारुदत्त सरांनी कीपरची बॅग मैदानात उघडली, पॅड एकेकीच्या पायाला लावून पाहिले आणि ते माझ्या पायाला बसले. मी उंच, एवढाच माझा गुन्हा. लग्नाच्या बघण्यातसुद्धा इतक्या लवकर कोणाचा निकाल लागत नाही.

स्टोअररूमला चार वाजता कुलूप लागतं आणि प्रॅक्टिस सहाला संपते, म्हणून बॅग कीपरच्या घरी राहते, अशी आमच्याकडची रीत. तीन वर्षं ती आमच्या रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात राहिली. तिचा घामाचा वास घरभर. पण बाबांना, म्हणजे हरिदास गजभिये, वर्कशॉपमधले फिटर, त्यांना ती बॅग जीव की प्राण. दर रविवारी पॅड उन्हात टाकायचे, पट्टा तुटला की बाजारातून पिवळा कॅनव्हास आणून मेणाच्या दोऱ्याने स्वतः शिवायचे. पाहुणे आले की आधी पॅड दाखवायचे, मग मला.

त्यांनी माझी एकही मॅच पाहिली नव्हती. मॅच व्हायच्या कामाच्या दिवशी, त्यांच्या ड्युटीच्या वेळात.

आणि मला काय हवं होतं? पळायचं होतं. प्रॅक्टिसमध्ये पॅड काढून मी फॉरवर्डला खेळायचे आणि गोलही मारायचे, पण मॅचमध्ये तीन वर्षांत मी एकदाही मैदानाची मधली रेषा ओलांडली नव्हती. बाकीच्या दहाजणी तिकडे धिंगाणा घालायच्या आणि मी इकडे जाळीसमोर हेल्मेटच्या गजांमधून तो पाहायचे.

यंदा पहिल्या वर्षाला चेतना आली, अगदी माझ्याच उंचीची, आणि मी मनातल्या मनात मांडे खायला लागले. तीन महिने रोज सकाळी तिला गोलमध्ये उभी करून शिकवलं. मग सरांना गाठलं. आमचं शेवटचं वर्ष, आणि शेवटच्या दोन मॅच भिलाईच्या कॉलेजशी, शनिवारी आणि रविवारी. सहा वर्षं शील्ड त्यांच्याकडे.

"सर, रविवारी मले पुढे खेळू द्या. एकच मॅच."

सर तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या घरचे, शब्दाला जपणारे. म्हणाले, "शनिवारी जिंकवून दे. मग रविवारी बरोबरी झाली तरी शील्ड आपलीच. देतो तुले."

शनिवारी मी जिंकवून दिलं. एक-शून्य. सात पेनल्टी कॉर्नर अडवले, मांडीवर वांग्याएवढी निळी गाठ आली, आणि प्रत्येक वेळी चेंडू अडवताना मी एकच गोष्ट मोजत होते, की एवढं झालं की मी सुटले.

संध्याकाळी घरी आले तर बाबा व्हरांड्यात बसून पॅडचा पट्टा शिवत होते. "उद्या सुट्टी आहे," ते म्हणाले. "मी येऊन राहिलो. शंकर येतो, रामकृष्ण येतो, वर्कशॉपातले आठ जण येतात. म्हटलं, पाहा माझी पोट्टी गोलमध्ये कशी उभी राहते."

मी म्हणाले, "बाबा, उद्या..."

"काय, उद्या?"

त्यांच्या दातात दोरा होता. मला सांगता आलं नाही. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही कोणावर काढावं ते कळत नव्हतं. इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला तुमचं प्रेम चुकीच्या वस्तूवर आहे, हे कसं सांगायचं? मी म्हणाले, "लवकर या," आणि आत जाऊन पडले.

रविवारी चेतनाने ते पॅड चढवले. मी सोळा नंबरचा शर्ट घातला आणि मैदानात शिरले. पायांवर काही नव्हतं. पाय इतके हलके वाटत होते की मला हसू येत होतं. खेळ सुरू झाल्यावर तिसऱ्याच मिनिटाला चेंडू घेऊन मी मधली रेषा ओलांडली. पलीकडची टर्फही तशीच हिरवी, तशीच पाणी मारलेली. पण माझा जीव आनंदाने भरून आला, खोटं काय सांगू.

चेंडू माझ्याकडून सुटून उलट आमच्या गोलकडे गेला, तेवढ्यात प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून आवाज आला, "शाब्बास, दीक्षा!"

मी वळून पाहिलं. बाबा आणि त्यांची आठ माणसं आमच्या गोलच्या मागे पायऱ्यांवर बसली होती आणि गोलकडे पाहून टाळ्या वाजवत होती. चेतनाने एक साधा चेंडू पायाने बाजूला केला होता. हेल्मेटात चेहरा दिसत नाही, उंची तीच, आणि पॅडवर पिवळे पट्टे. बाबांनी स्वतःचे टाके ओळखले होते. आणखी कुठे पाहायची त्यांना गरजच वाटली नाही.

चेतनाने हातसुद्धा हलवला. नंतर म्हणाली, "मुझे लगा सब मेरे लिए चिल्ला रहे हैं."

एखादीने थांबून सांगितलं असतं. मी पळत राहिले. दुसऱ्या पंधरा मिनिटांत डाव्या बाजूने चेंडू आला, मी गोलसमोरच्या डीमध्ये होते, स्टिक लावली, आणि गोलच्या फळीवर तो ठण्णकन वाजला. गोल. मुली माझ्या अंगावर पडल्या. त्या ढिगाऱ्यातून मान काढून मी पायऱ्यांकडे पाहिलं. शंकरकाका टाळ्या वाजवत होते. बाबा वाकून गोलकीपरला सांगत होते, "लक्ष ठेव, बाई, लक्ष ठेव." मॅचमधला माझा पहिला गोल आणि बापाची माझ्याकडे पाठ. मला एवढा संताप आला की पुढची दहा मिनिटं मी भिलाईच्या पोरींना नुसती धडकत होते.

मध्यंतरात बाजू बदलल्या, तसे बाबा आठही जणांना घेऊन आमच्या नव्या गोलमागच्या पायऱ्यांवर येऊन बसले. तिसऱ्या पंधरा मिनिटांत त्यांनी गोल फेडला. एक-एक. तेवढं टिकलं की शील्ड आमची. शेवटची आठ मिनिटं राहिली असताना पेनल्टी कॉर्नर लागला, चेंडू अडवताना त्यांची एक मुलगी चेतनाच्या पायावर पडली, आणि चेतना उठेना.

बाबा पायऱ्या उतरून गोलमागच्या कुंपणाच्या जाळीपर्यंत धावत आले. "दीक्षा! ए दीक्षा! बाई, कुठं लागलं?"

सरांनी हेल्मेट काढलं. आतून चेतनाचा चेहरा निघाला, रडवेला. "सर, मुझसे खड़ा नहीं हुआ जा रहा."

सर माझ्याकडे वळले. सगळ्या दहाजणी माझ्याकडे वळल्या.

"सर, नाही," मी म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. "कीपरशिवाय खेळू. नियमात आहे."

"नियमात आहे, नशिबात नाही," सर म्हणाले. "आठ मिनिटं. घाल."

कोणी जबरदस्ती केली नाही. नुसत्या पाहत राहिल्या, आणि मी खाली बसून चेतनाच्या पायातले पॅड सोडवायला लागले. ते तिच्या घामाने गरम होते.

जाळीपलीकडून बाबा म्हणाले, "तू कुठं होती?"

"पुढे."

"म्हणजे तो गोल..."

"माझाच."

ते म्हणाले, "मी तिकडे पाहलंच नाही."

"तुम्ही पॅड पाहून राहिले होते, बाबा," मी म्हणाले. फार कडू आवाजात म्हणाले. पंचांनी शिट्टी वाजवली आणि मी हेल्मेट घातलं.

आठ मिनिटांत चार चेंडू आले. चारही अडवले. हात-पाय आपोआप जागेवर जात होते, मला विचारतही नव्हते. शिट्टी वाजली, शील्ड आमच्याकडे आली, मुलींनी मला खांद्यावर घेतलं, मैदानभर फिरवलं, मधल्या रेषेपलीकडेही. पॅडसकट.

शंकरकाका बाबांच्या पाठीवर थाप मारत होते. "वा रे हरिदास! पोट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत भिंतीसारखी उभी होती."

पॅडची अदलाबदल मुलींच्या गराड्यात झाली होती, त्यांना दुरून कळलं नव्हतं. बाबांनी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, मान तेवढाच मिळाला असता.

"नाही," बाबा म्हणाले. "ते दुसरी पोट्टी होती. माझी पुढे होती. गोल तिनंच केला. मी पाहलाच नाही."

मग माझ्याजवळ आले. डोळे लाल झाले होते. "पुढच्या मॅचले मी बरोबर तुलेच पाहीन, बाई. कधी आहे पुढची?"

"नाही आता," मी म्हणाले. "हेच शेवटची होती, बाबा."