माझा कानामागचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका, प्लॅस्टिकचा आहे. कारखान्यात माझे तुकडे साच्यांतून निघाले, गुलाबी रंगवले गेले आणि एकमेकांत घट्ट बसवले गेले. सुटे करून दाखवायचे आणि पुन्हा जोडून ठेवायचे, यासाठीच माझा जन्म. त्यातलं पहिलं सगळ्यांना जमतं. दुसऱ्याच्या नावानं शंख!

मी फिटच्या, म्हणजे आकडीच्या, डॉक्टरांच्या टेबलावर राहतो. पूर्वी लोक माझं कौतुक करायचे. मग शेजारच्या खोलीतले डोकेदुखीचे डॉक्टर माझा कानामागचा तुकडा 'दोन मिनिटांसाठी' घेऊन गेले. वर्ष झालं तरी परत आणला नाही. आता त्या भोकात पेनं खोचतात. काय बोलायचं?

शिवणकाम करणारी एक ताई दोन्ही खोल्यांत यायची. इथे फक्त फिटचं सांगायची, तिथे फक्त डोक्याचं. एका डॉक्टरांपुढे दुसऱ्यांचं दुखणं काढणं तिला उद्धटपणाचं वाटे. मी अर्धा इथे, उरलेला तिथे. दोन्हीकडचं ऐकून चरफडत होतो. औषधं घेऊनही फिट थांबत नव्हती. आणखी एकदा मशीनवर फिट आली तर काम सुटेल, असं मालकिणीने बजावलं होतं. ताई पार खचली होती.

एके दिवशी डॉक्टर तिला समजावायला माझ्याकडे वळले, तर भोक! वैतागून त्यांनी तुकडा मागवला. शेजारचे डॉक्टर स्वतःच तो घेऊन आले आणि दारातच थबकले.

"ताई, तुम्ही तर माझ्याकडे येता ना?"

"तुमच्याकडे डोक्यासाठी येते. इथे फिटसाठी."

"अहो, मग मला फिटचं सांगितलं का नाही?"

"ती तुमची खोली नव्हती ना, डॉक्टर."

दोघे डॉक्टर खुर्च्या ओढून बसले. मग उलगडा झाला. रात्रभर डोकं ठणकायचं, झोप उडायची आणि त्या जागरणाने सकाळी फिट यायची. एक दुखणं दुसऱ्याला हाताला धरून आणत होतं. डोकं एकच आहे, हे कळायला या शिकलेल्या माणसांना वर्ष लागावं? दोघांनी मिळून एकच औषधयोजना आखली.

ताईची फिट पुरती गेलेली नाही. पण मशीनवर पुन्हा आली नाही. तिचं काम टिकलं. आता ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी दुसऱ्या खोलीतलं सांगते.

माझा तुकडा? दुसऱ्याच दिवशी पुन्हा शेजारी गेला. मित्रांनो, मला जपा असं सांगून मी थकलो. निदान तुमचं दुखणं तरी तुकड्यांत सांगू नका. आणि शेजारच्या खोलीत गेलात, तर माझा तो तुकडा तेवढा घेऊन या.