मधल्या नावाशिवाय

पूर्णिमाला 'मिस्टरांचं नाव?' या प्रश्नाचा भयंकर तिटकारा होता. घटस्फोट होऊन वर्षं लोटली, तरी बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत जो तो तेच विचारी. अहो, बाईला सिलिंडर हवाय, त्यात मिस्टर कशाला?

शनिवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिने आणि तिचा भागीदार नियाज याने हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. ओपन सोर्सचा जमाना होता. परदेशातल्या लोकांनी लिहून फुकट वाटलेले तुकडे घ्यायचे, जोडायचे आणि आपल्या नावाने विकायचे. पेशंटच्या नोंदीचा जो तुकडा त्यांनी उचलला, त्यात फक्त नाव आणि आडनाव होतं. पूर्णिमा खूश! नाव आणि वय जुळून एकाच माणसाच्या दोन नोंदी वाटल्या, तर हा तुकडा त्या आपोआप एक करायचा.

"पहिलं गिऱ्हाईक लोणी काळभोरचं आहे," नियाज म्हणाला. "तिथे दगड भिरकावला तरी काळभोरालाच लागेल. मधलं नाव घाल."

"मुळीच नाही. बाईला नवऱ्याची शेपटी कशाला?"

"शेपटी मलाही आहे. माझ्या नावात अब्बा आहेत."

पण ऐकेल ती पूर्णिमा कसली! नियाजने हात टेकले.

पावसाळा सरता सरता लोणीहून फोन आला. शालू काळभोर, वय तीस, पाय चिघळून तापाने फणफणलेली. तिला पेनिसिलिन चालत नव्हतं आणि तसं तिच्या नोंदीत लिहिलंही होतं. पण मध्यंतरी दुसरी एक शालू काळभोर नव्याने येऊन गेली होती, तीही तिशीचीच. सॉफ्टवेअरने दोघींची नोंद एक केली आणि त्यात ती सूचना पुसली गेली. नर्सने स्क्रीन बघून इंजेक्शन दिलं. बघता बघता शालू गेली.

पूर्णिमाच्या पायाखालची जमीन सरकली. नियाज एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच तिला सोसेना. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वकिलांनी बजावलं, तोंड उघडू नका. तरी ती लोणीला गेली.

शालूचा नवरा उत्तरेश्वर घराच्या ओट्यावर बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, नियाजचं आपण ऐकलं नाही तेही. रडायचं नाही असं ठरवून आली होती, तरी रडली.

"म्हंजी दोघींची एक केली तुमी?"

"हो."

"मंग ती दुसरी?" त्याने मान वर केली. "ती उद्या आली तर तिला माझ्या शालूची औषधं देतील की. तिला कुनी सांगितलं का?"

वकील गाठून झाला, कोड तपासून झाला. दुसऱ्या शालूचा विचार पूर्णिमाच्या मनाला शिवलाही नव्हता. तिला स्वतःची शरम वाटली.

उत्तरेश्वर उठला, पायात चपला सरकवल्या.

"चला, तिचं घर दावतो. हितं शालू काळभोर लई हायती. तिच्या मालकाचं नाव काय?"