फाटक लावून जा

आर्विड स्कोगनने अडतीस वर्षांत ड्वेन केटलसनच्या रानात न विचारता कधी पाऊल टाकलं नव्हतं. ऑक्टोबरातला पहिला शनिवार, बायकोने, म्हणजे मर्नाने, भाजलेली चोकचेरी या आंबट रानफळाची पाई, ड्वेनच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आणि टोपी हातात. "यंदा शिकारीला येऊ का?" हा माणूस आपण जन्मात पाहिलेला नाही अशा थाटात ड्वेन त्याला खालवर न्याहाळायचा आणि म्हणायचा, "फाटक लावून जा. अन् माझ्या गाई मारू नकोस." झाली परवानगी! वकील नको, कागद नको. मोंटानात तेवढ्यावर भागायचं.

यंदा तो पाई घेऊन गेला, तर फाटकाच्या दोन्ही खांबांना नारिंगी रंग फासलेला. आत याल तर याद राखा, असा त्या रंगाचा अर्थ. वर मनगटाएवढं कुलूप आणि पाटी: 'शिकारीचे हक्क भाड्याने दिले आहेत.' कुठल्याशा शिकार-कंपनीचा दाढीवाला मॅनेजर आतून गाडी घेऊन आला.

"आजोबा, इथून मागे फिरा."

"ड्वेनला विचारायला आलोय."

"त्यांना विचारून उपयोग नाही. जमीन त्यांची, शिकार आमची."

आर्विडने रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि शिकारीच्या सुरीने अख्खी पाई एकट्याने खाल्ली. रागाच्या भरात खाल्लेलं कधी पचलंय का? दोन दिवस पोट धरून बसला.

फोनवर ड्वेन म्हणाला, "अरे, छप्पर गळतंय, गुडघा गेलाय, दहा वर्षांचा करार करून टाकला. पण तुझं मी बोलतो त्यांच्याशी." बोलतो म्हणाला आणि गपच बसला. एक आठवडा झाला, दोन झाले, पाच झाले. ड्वेनच्या रानापलीकडे सरकारी डोंगर होता, कोणीही जावं असा, पण वाट ड्वेनच्याच रानातून. "तो डोंगर माझाही आहे म्हणे," आर्विड भेटेल त्याला सांगायचा. "फक्त पंख फुटायची वाट बघायची!" हिवाळ्याचं मांस अजून यायचं होतं, पण खरी सल ती नव्हती. ड्वेनने आपल्याला दाराबाहेर काढलं आणि तोंडाने तसं सांगितलंसुद्धा नाही, हे त्याला गिळता येत नव्हतं.

हरणं मात्र माणसांपेक्षा शहाणी. तिकडे नव्याकोऱ्या कपड्यांतले पाहुणे दिवसभर ठो ठो करायला लागल्यावर ती सगळी मुकाट्याने ओढा उतरून आर्विडच्या अकरा एकरांत आली आणि मर्नाचे कोबी फस्त करू लागली.

"मार की त्यातलं एक," मर्ना म्हणाली. "खिडकीतून नेम बसेल."

"खिडकीतून? पायात सपाता घालून? त्याला शिकार नाही म्हणत."

"मग उपाशी मर. माझे कोबी गेले, त्याचं काही नाही!"

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मागचं दार वाजलं. दारात ड्वेन. अंगात शिकारीचं नारिंगी जाकीट, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात पाई.

"वाट चुकलास काय रे?" आर्विड म्हणाला.

"पाई आणलीय."

"दुकानातली आहे ती. वर चिठ्ठी तशीच आहे."

"आमची ही गेल्यापासून मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही, माहीताय तुला." ड्वेनने घसा खाकरला. "यंदा... तुझ्या ओढ्याकाठी शिकारीला येऊ का?"

आर्विड बघतच राहिला. "नऊ हजार एकरांचा मालक तू! तिकडे काय आग लागली?"

"करारात मालकालाही बंदी आहे. मी मेल्याने वाचलाच नाही. काल माझ्याच रानात त्या दाढीवाल्याने मला अडवलं. म्हणतो, आजोबा, मागे फिरा."

आर्विड इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली. आतून मर्नाचंही हसणं ऐकू आलं. ड्वेन पाई धरून तसाच उभा होता, कान लाललाल. मग आर्विडचं हसू आटलं.

"अडतीस वर्षं, ड्वेन. कुलूप बघायच्या आधी मला एक फोन केला असतास तर तुझं काय जात होतं?"

"लाज वाटली रे," ड्वेन म्हणाला. "तुझं नाव त्यांच्याकडे काढलंसुद्धा नाही मी. हिंमतच झाली नाही."

वारा बोचरा होता. आर्विडने त्याला दारात चांगलं ताटकळत ठेवलं. ओढ्याकाठची हरणं याच्याच रानातून हुसकली गेलेली, आणि हा त्यांच्या मागोमाग आलेला. आर्विडला राग आणायचा होता, पण तो येईना. त्याने ड्वेनकडे खालवर पाहिलं, जन्मात न पाहिल्यासारखं.

"फाटक लावून जा," तो म्हणाला. "अन् मर्नाच्या कोंबड्या मारू नकोस."

ड्वेनने पाई त्याच्या हातात दिली, टोपी घातली आणि लंगडत अंगण ओलांडलं. आर्विडच्या जमिनीला फाटक नव्हतं, कधीच नव्हतं. साधं कुंपणही नव्हतं. ड्वेन अंगणाच्या टोकाशी थांबला. मागे वळला, दोन्ही हातांनी हवेतलं फाटक ओढून घेतलं, नीट कडी घातली, आणि ती बसली की नाही ते हलवूनही पाहिलं.

"मर्ना," आर्विड ओरडला, "माझे बूट कुठेत गं?"